खाली आलेला पूल

"नझल! नझल! अल्हम्दुलिल्लाह!"

असं ओरडत मी टाळ्या वाजवल्या. नझल म्हणजे खाली आला. ओमानमध्ये येऊन मला बरीच वर्षं झाली होती, पण माझं अरबी साइटपुरतंच होतं. यल्ला, खलास, इन्शाल्ला, आण, ठेव, वर, खाली. त्यातलं नेमकं 'खाली' मी त्या दिवशी भर गावासमोर वापरलं. आणि खाली काय आलं होतं? तर आम्हीच बांधलेला पूल.

समोर पुलाच्या मालकाची आई खुर्ची टाकून बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं, पुलाकडे पाहिलं, मग मुलाला काहीतरी विचारलं. मुलगा नुसताच डोकं खाजवत उभा राहिला. म्हातारी उठली, काठी टेकत घराकडे गेली आणि दार लावून घेतलं.

आमचे बॉस मॅथ्यूसाहेब माझ्याजवळ आले. ते केरळचे. रागावले की आवाज आणखी हळू होतो.

"तू आत्ता काय ओरडलास?"

"सर, डिफ्लेक्शन अगदी कॅल्क्युलेशनप्रमाणे आलं. दोन बोटं! म्हणून आनंद झाला."

"आनंद मराठीत करायचा ना. अरबीत कशाला केलास?"

आता हा आनंद कसला, ते सांगतो. लांब पूल बांधताना त्याच्या खाली टेकू लावलेले असतात. टेकूंच्या डोक्यावर लाकडी पाचरी ठोकलेल्या असतात. काम पूर्ण झालं की मधल्या पाचरींपासून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे जात त्या हळूहळू ढिल्या करायच्या. तोवर पूल दुसऱ्याच्या खांद्यावर असतो, आता तो स्वतःच्या पायावर उभा राहतो. त्या वेळी तो थोडासा खाली बसतो, तेच डिफ्लेक्शन. बसणारच. ते आधीच माहीत असतं, म्हणून बांधतानाच त्याची पाठ मध्यभागी जराशी उचलून ठेवतात. याला आम्ही कॅम्बर म्हणतो. हिशेबापेक्षा जास्त बसला तर काळजी. हिशेबाइतकाच बसला तर इंजिनिअरने पेढे वाटावेत. मी फक्त ओरडलो.

पण म्हातारीचंही काही चुकलं नव्हतं. तिच्या डोळ्यांदेखत पूल खाली आला होता, आणि बांधणारा माणूस नाचत होता.

तिला सगळे उम्म सालिम म्हणत, म्हणजे सालिमची आई. तिकडे आईला थोरल्या मुलाच्या नावाने ओळखतात. सालिम आमचा अर्बाब, म्हणजे मालक. त्याने अमेरिकेत कॉलेज केलं होतं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी एके दिवशी तो आमच्या मस्कतच्या ऑफिसात आला आणि त्याने टेबलावर एक फोटो ठेवला. फोटोत ओढ्यावर एक लांबट लाकडी घर होतं, दोन्ही टोकांना दारांऐवजी मोकळं.

"हे काय, गोठा?" मॅथ्यूसाहेबांनी विचारलं.

"पूल आहे. कॉलेजात असताना रोज यावरून जायचो. मला माझ्या गावात असाच पाहिजे."

अमेरिकेतल्या खेड्यांतून असे छपराचे पूल बरेच आहेत. काही शंभर-दीडशे वर्षांचे. ते बांधले गावच्या सुतारांनी, धान्याची कोठारं उभारणाऱ्या हातांनीच. दोन्ही बाजूंना लाकडाच्या मोठ्या कैच्या, मध्ये फळ्यांचा रस्ता, वर छप्पर. कैची म्हणजे त्रिकोणांची जुळणी. आपल्या कौलारू घराच्या आढ्याखाली असते तीच, फक्त इथे ती आडवी लांबवून पुलाच्या बाजूला उभी करायची. लोकांना वाटतं छप्पर माणसांसाठी. तसं नाही. छप्पर लाकडासाठी. उघडा लाकडी पूल पाणी पिऊन काही वर्षांत कुजतो. डोक्यावर छप्पर असेल तर आजोबांनी बांधलेल्या पुलावरून नातू जातो. आणखी एक गंमत म्हणजे थंडीत तिथले लोक बाहेरचा बर्फ फावड्याने उचलून मुद्दाम पुलात आणून पसरत. कारण तेव्हा घसरगाड्या चालत आणि कोरड्या फळ्यांवर त्या अडत. म्हणजे आधी बर्फ आत येऊ नये म्हणून छप्पर घालायचं, आणि मग स्वतःच बर्फ आत न्यायचा. हे वाचल्यावर मला त्या लोकांबद्दल आपुलकी वाटू लागली. त्या पुलांच्या आडोशाला तरुण जोडपी चुंबनं घेत, असंही सालिमने सांगितलं. मॅथ्यूसाहेब म्हणाले, "ही माहिती तुमच्या आईंना नको."

"पण अर्बाब, ओमानमध्ये पाऊस किती? छप्पर कशाला?" मी विचारलं.

"पाऊस नाही, पण ऊन तर आहे?"

मी अकोल्याचा. उन्हाने लाकडाचं काय होतं हे मला कुणी सांगायला नको होतं. आमच्याकडे मे महिन्यात खाटेच्या पायाला भेग पडते, तिच्यात आठ आण्याचं नाणं जातं.

पुलाची गरज मात्र खरी होती. गावाच्या मधून वादी जाते. वादी म्हणजे वर्षभर कोरडी पडलेली, गोट्यांनी भरलेली नदी. डोंगरात कुठेतरी पाऊस पडतो आणि गावात आभाळ कोरडं असताना पाणी भिंतीसारखं येतं. उम्म सालिमचं घर अलीकडे. तिची थोरली बहीण पलीकडे, खजुराच्या बागेत. बहिणीला अंथरुणातून फारसं उठवत नसे. आदल्या हिवाळ्यात वादी आली, नेमकी बहीण तापाने फणफणली होती, आणि ही अलीकडच्या काठावर उभी राहून तिच्या नावाने हाका मारत होती. पाण्याच्या आवाजात पलीकडे काही ऐकू जात नव्हतं. बहीण वाचली. पण त्यानंतर आईने सालिमशी दोन दिवस बोलणं टाकलं. "शहरात इतक्या इमारती बांधतोस," एवढंच म्हणाली. पुढचा हिवाळा यायच्या आत पूल हवा होता तो त्यासाठी.

आम्ही बांधला. लाकूड जहाजाने आलं. समुद्राच्या दमट हवेतून डोंगराच्या कोरड्या हवेत गेल्यावर ते आकसलं, सांधे ढिले पडले. आमचे सुतारांचे फोरमन दाऊदभाई दापोलीकडचे. त्यांनी आणि मी एकमेकांना दोष देण्यात एक आठवडा घालवला. ते म्हणत लाकूड ओलं, मी म्हणे सांधे सैल. दोन्ही खरं होतं. मग सगळ्या सांध्यांतल्या लाकडी मेखा काढून जाड मेखा ठोकल्या. आणि शेवटी तो टेकू काढायचा दिवस आला आणि मी आनंदाने ओरडलो.

गावची रीत अशी की नव्या गोष्टीवर पहिलं पाऊल घरातल्या मोठ्यांचं. उम्म सालिम चढल्याशिवाय कुणी चढणार नाही. आणि उम्म सालिम म्हणाली, "जे आज एवढं खाली आलं, ते उद्या आणखी खाली येईल."

मी समजूत काढायला गेलो. सालिम दुभाषी.

"आई, नवी दोरीची खाट असते ना, पहिल्यांदा बसलं की ती जरा दबते. मग वर्षानुवर्षं तशीच राहते. तसंच हे."

तिने ऐकून घेतलं. म्हणाली, "खाट तुटली तर मी जमिनीवर पडेन. इथून कुठे पडेन?"

सालिमने भाषांतर केलं आणि मिशीत हसला. मला राग आला नाही. प्रश्न इंजिनिअरिंगचाच होता.

मग आम्ही पुलावर वाळूची पोती रचली. गावातली सगळी माणसं, त्यांच्या शेळ्या आणि वर एखादं लग्न, एवढं वजन. काही दिवस ठेवलं, रोज लेव्हल लावून मोजलं. लेव्हल म्हणजे तिकाटण्यावरची दुर्बीण, तिच्यातून उंचसखल कळतं. पूल जागचा हलला नाही. म्हातारीला दाखवावं म्हणून मी तिला दुर्बिणीला डोळा लावायला सांगितलं. आमची लेव्हल जुन्या काळची, तिच्यात सगळं उलटं दिसतं. आम्हाला सवय असते. तिने डोळा लावला आणि तिला पुलाच्या टोकाशी उभा असलेला आपला मुलगा खाली डोकं वर पाय दिसला.

ती मागे सरली. "यातून बघून बांधलंय का?"

"संपलं," मॅथ्यूसाहेब इंग्रजीत पुटपुटले.

दाऊदभाईंना चेव चढला. ते आणि त्यांची चार माणसं पुलावर गेली आणि उड्या मारायला लागली. धाड धाड आवाज. दाऊदभाई तिथूनच ओरडले, "बघा माँजी, काय हलतंय काय?"

म्हातारी शांतपणे म्हणाली, "ते नोकर आहेत. सांगाल तिथे उड्या मारतील." मग तिने काठी माझ्याकडे केली. "याला बायको आहे?"

सालिमने मला विचारलं. मी म्हटलं, आहे. मस्कतला. तिथल्या वादी कबीर वस्तीत राहतो आम्ही.

"ती या पुलावरून आली, तर मी येईन."

मॅथ्यूसाहेबांनी मला बाजूला घेतलं. "शुक्रवारी घेऊन ये."

"सर, मी विचारून बघतो."

"विचारू नकोस. घेऊन ये. डोंगरावर ढग यायला लागलेत."

माझी बायको वैशाली शाळेत गणित शिकवते. तिला मी जेवताना सगळं सांगितलं. तिने भाकरीचा तुकडा खाली ठेवला.

"म्हणजे वाळूची पोती झाली, आता मी."

"तसं नाही गं. मान आहे तो एक प्रकारचा."

"आठवड्याची एकच सुट्टी माझी. तीही तुमच्या टेस्टिंगला." मग तुकडा पुन्हा उचलत, "त्यांची बहीण पलीकडे आहे म्हणालात ना? खरंच आजारी असते?"

"हो."

"मग रिकाम्या हाताने कसं जायचं?" असं म्हणून तिने रवा भाजायला घेतला.

शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर अख्खं गाव काठावर जमलं. पलीकडे बहिणीला दोघांनी धरून खुर्चीत आणून बसवलं होतं. वैशाली लाडवांचा डबा छातीशी धरून उभी होती. उम्म सालिमने तिला जवळ बोलावलं, गालावरून हात फिरवला आणि सरळ प्रश्न केला. वैशालीला अरबी येत नाही, म्हणून सालिमने हिंदीत सांगितलं, "आई विचारतेय, तुमचा नवरा म्हणतो पूल पक्का आहे. तुम्ही काय म्हणता?"

वैशाली म्हणाली, "घरात यांनी ठोकलेला एक खिळा टिकत नाही. किचनमधली फळी दोनदा पडली. दुसऱ्यांदा लोणच्याच्या बरणीसकट."

मॅथ्यूसाहेबांनी डोळे मिटले. सालिम भाषांतर करेना. म्हातारीने काठी आपटली. "काय म्हणाली? सांग."

त्याने सांगितलं. मग उम्म सालिमच्या बुरख्याआडून खांदे हलायला लागले. ती हसत होती.

"पण त्यांना सांगा," वैशाली पुढे म्हणाली, "की हा माणूस अतिशय भित्रा आहे. मला बल्ब बदलायला स्टुलावर चढू देत नाही. आधी स्टुलाचे चारही पाय हलवून बघतो, मग स्वतः चढतो, मग उतरतो आणि म्हणतो, राहू दे, इलेक्ट्रिशियन बोलावू. आमच्या लोकांचा जयंतीचा कार्यक्रम होता, तर स्टेजखाली वाकून टेकू तपासत हाच. पाहुणे हार घालून खाली ताटकळत उभे. असा माणूस मला इथे घेऊन आला आणि म्हणतोय चढ. म्हणजे पूल पक्काच असला पाहिजे."

आता हे ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं. पण खरं सांगतो, माझ्या कामाचं इतकं बिनचूक वर्णन मी कुठे वाचलेलं नाही. आमच्या धंद्यात फॅक्टर ऑफ सेफ्टी म्हणून एक गोष्ट असते. लाकडाला जेवढं पेलवतं, त्याच्या कितीतरी कमी ओझं त्याच्यावर टाकायचं. पुस्तकात त्याला मोठं समीकरण आहे. मूळ अर्थ एवढाच, की हिशेब करणाऱ्याने घाबरट असावं.

उम्म सालिमने पूर्ण ऐकलं. मग काठी सालिमच्या हातात दिली, वैशालीचा हात धरला आणि दोघी पुलावर चढल्या.

मी काठावर. दोघी छपराच्या सावलीत शिरल्या. बाजूच्या फळ्यांच्या फटींतून उन्हाच्या रेघा आत पडल्या होत्या, त्यांतून एक काळा झगा आणि एक हिरवी साडी सरकताना दिसत होती. त्या मध्याजवळ पोचल्या आणि पूल कुरकुरला. लाकडी पूल कुरकुरतोच. मेखा जागेवर बसतात तेव्हा बोलतात. हे मला माहीत होतं. तरी मी दोन पावलं पुढे झालो.

अगदी मध्यावर दोघी थांबल्या.

आणि उम्म सालिम खाली बसली. वैशालीही तिच्याबरोबर.

"काय झालं?" मॅथ्यूसाहेबांनी माझा दंड धरला. "काय झालं तिला?"

मी पळणार, तेवढ्यात आतून म्हातारीचा खणखणीत आवाज आला. सालिम हसला. "कहवा मागतेय. म्हणते, इथे वारा छान आहे."

कहवा म्हणजे त्यांची वेलची घातलेली कडू कॉफी. चटई गेली, कहव्याची सुरई गेली, खजुराचं ताट गेलं. मागोमाग दोन शेजारणी गेल्या. पलीकडची बहीण खुर्चीतून हाका मारायला लागली, तशी तिलाही उचलून आणली आणि पुलाच्या मधोमध दोघी बहिणी एकमेकींना धरून बसल्या. काय बोलत होत्या कोण जाणे. लाडवांचा डबा फिरत होता. मग पुरुषांना राहवेना, ते टोकाशी बसले. खाली सहसा कोरडी असलेली वादी, वर सावली, मधून डोंगराचा वारा. अख्ख्या गावात त्याच्याइतकी थंड जागा नव्हती, हे आमच्या कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. आम्ही लोकांनी ओलांडण्यासाठी पूल बांधला, आणि त्यांनी तो बसण्यासाठी घेतला.

मी डोकी मोजायला लागलो.

"किती जणांसाठी डिझाइन केलंयस?" मॅथ्यूसाहेबांनी हळूच विचारलं.

"खांद्याला खांदा लावून मावतील तितक्या सगळ्यांसाठी."

"मग मोजतोस कशाला?"

"सवय आहे, सर."

दाऊदभाई शेजारी येऊन उभे राहिले. "साहेब, आता नाचू नका हां. परत दार लावून घेतील."

पुढच्या महिन्यात वादी आली. सालिमने सकाळीच फोन केला. पाणी पुलाच्या खूप खालून गेलं, पूल जागचा हलला नाही, आणि आई आदल्या संध्याकाळपासून पलीकडे बहिणीपाशी आहे, परत यायचं नाव घेत नाही. तक्रार एकच होती. गावातली माणसं पुलात बसून असतात, ज्याला खरोखर पलीकडे जायचं असतं त्याला पाय टाकायला जागा नसते. त्याला आणखी एक पूल हवा होता, बिनछपराचा. मॅथ्यूसाहेबांनी त्याला लाकडाऐवजी काँक्रीट सुचवलं.

या सगळ्यातून मी एक गोष्ट शिकलो. टेकू काढायचा दिवस क्लायंटच्या घरच्यांना कळवू नये. त्यांना दुसऱ्या दिवशी चहाला बोलवावं.

फोन ठेवला आणि मी वैशालीला सगळं सांगितलं. जरा छाती पुढे काढूनच सांगितलं. ती वह्या तपासत होती. म्हटलं, "बघ. तू म्हणाली होतीस ना, पूल पक्काच असणार. झालं की नाही?"

तिने लाल पेनाचं टोपण लावलं.

"आता सांगायला हरकत नाही," ती म्हणाली. "तो कुरकुरला ना, तेव्हा मी घाबरले. एक पाऊल पुढे टाकवेना. त्या बाईंच्या हातात माझा हात होता, त्यांना लगेच कळलं. म्हणून त्या खाली बसल्या आणि मला बसवलं. वाराबिरा काही नव्हता तिथे तेव्हा. कहवा मागवला तो माझ्यासाठी. तुमच्या भरवशावर मी अर्धा पूल गेले हो. उरलेला अर्धा त्यांच्या भरवशावर."